वसईचे संत गोन्सालो गार्सिया

संसारातील नफातोटा सर्वांसच कळतो. परंतु अनंतकाळाचा हिशेब वेळीच मांडणारे थोडे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे त्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंजवळ शिकून ते कुमारवयातच त्यांजबरोबर जपानास गेले व तेथे कित्येक वर्षे धर्मशिक्षणाच्या कामी राबले. त्या संघात प्रवेश व्हावा ही त्यांची इच्छा मात्र फळास आली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार आरंभिला व धनही पुष्कळ मिळविले. पुढे तो भरभराटीचा धंदा सोडून त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साध्या बंधूची वस्त्रे धारण केली.

जपानी भाषा अवगत असल्याने १५९३ साली ते संत पेद्रो बाप्तिस्ता यांजसमवेत दुभाषी म्हणून पुनः जपानास गेले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्या आज्ञेने बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा छाटून त्यांस भर हिवाळ्यात नागासाकीस नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे सव्वीस जणांस क्रुसांवर भाल्यांनी भोसकून मारिले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी गोन्सालोंस संतपद दिले.

बंधुभगिनींनो, रक्तसाक्षीचे मरण सर्वांच्या वाट्यास येत नाही. परंतु मापात खोट न करणे, कोणाचे देणे न बुडविणे व निजण्यापूर्वी अंतकाळाचे स्मरण ठेवणे, एवढे तर संग्रामपूरच्या कास्तकारासही साध्य आहे.

संत गोन्सालो, आम्हांसाठी विनंती कर.