विल्यम फ्रूड

चिरनेरहून करंजाच्या खाडीकडे जाणाऱ्यांस होडीच्या नाळेपासून दोन्ही अंगांस पसरणाऱ्या लाटा परिचयाच्या आहेत. वल्हीं जोरानें मारूं लागलें कीं होडी आरंभीं चटकन् वेग घेते. पुढें मात्र कितीही बळ वेंचलें तरी वेग फारसा वाढत नाहीं, लाटाच तेवढ्या मोठ्या होतात. असें कां व्हावें, याचा शोध घेण्यांत ज्यांनीं आपलें उत्तरायुष्य वेंचिलें, त्या विल्यम फ्रूड यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें संक्षेपानें ठेवीत आहों.

फ्रूड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८१० रोजीं इंग्लंडांतील डार्टिंग्टन येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. ऑक्सफर्ड येथें गणितांत प्रावीण्य मिळवून ते ब्रूनेल या प्रख्यात इंजिनिअरच्या हाताखालीं आगगाडीच्या कामावर राहिले. पुढें ब्रूनेल यांनींच त्यांस ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाच्या हेलकाव्यांचा विचार करावयास लाविलें, आणि त्यांचें चित्त कायमचें पाण्याकडे वळलें.

जहाज बांधून झाल्यावर त्याचे दोष कळले तर केवढा पैसा व्यर्थ जावा! म्हणून फ्रूड यांनीं ३, ६ व १२ फूट लांबीच्या नमुन्याच्या नावा करून डार्ट नदीवर ओढून पाहिल्या. त्यांत ‘रेव्हन’ टोंकदार होती, ‘स्वान’ बोथट. मंद वेगांत पहिली सरस ठरली, पण वेग वाढतांच दुसरी! शिवाय असें दिसलें कीं, चौपट लांब नाव दुप्पट वेगानें चालविली असतां दोहींच्या लाटा सारख्याच आकृतीच्या उठतात.

याचें कारण असें. वेगाबरोबर लाटेची लांबीही वाढते. ती होडीएवढी झाली कीं होडीस जणूं आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. १६ फुटी होडीस ही स्थिति ताशीं सुमारें ६ मैलांवर येते. ६४ फुटी गलबतास सुमारें १२ मैलांवर.

लहान नावांवरून मोठ्या जहाजांचें अनुमान करणें पुष्कळ तज्ज्ञांस पटेना. १८६९ सालीं एका विद्वन्मंडळाच्या समितीनें खऱ्या जहाजांवरच प्रयोग करण्याची शिफारस केली. फ्रूड यांनीं आपलें भिन्न मत निर्भयपणें नोंदविलें. अखेर आरमार खात्यानें २,००० पौंड मंजूर केले, व टॉर्की येथें त्यांच्या घराजवळ बांधलेल्या हौदांत १८७२ सालीं प्रयोग सुरू झाले. ‘ग्रेहाउंड’ ही खरी युद्धनौका समुद्रांत ओढून घेतलेलीं मापें नमुन्यावरील अनुमानांशीं जुळलीं, तेव्हां शंकेस जागा उरली नाहीं.

४ मे १८७९ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील सायमन्सटाउन येथें त्यांचें देहावसान झालें. वेग व लांबी यांचें नातें दाखविणाऱ्या अंकास आज त्यांचेंच नांव आहे. बहुमत विरुद्ध असतां वादविवादानें नव्हे, तर काळजीपूर्वक घेतलेल्या मापांनीं सत्य सिद्ध करावें, हा धडा आमच्या विद्यार्थिबंधूंनीं त्यांच्या चरित्रापासून अवश्य घ्यावा.