तंजावरचे सरफोजीराजे व त्यांची नेत्रचिकित्सा

शब्बाथशाळेत मिशनरी श्वार्ट्झसाहेबांची गोष्ट सांगताना आपण बहुधा हैदर अलीच्या दरबारापर्यंत येऊन थांबतो. त्यांच्या छायेखाली वाढलेल्या एका मराठी राजपुत्राचे पुढे काय झाले, हे आपल्या मंडळ्यांत फारसे सांगितले जात नाही. तो राजपुत्र म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास मराठी राज्य स्थापिले. भोवताली सारा तामीळ मुलूख, तरी दरबारचे दप्तर मोडीत लिहिले जाई. तेलुगू मुलखात घर करून राहिलेल्या आम्हां दिलसुखनगरच्या मराठी माणसांना याचे विशेष वाटते.

सरफोजींचा जन्म 1777 चा. तुळजाजीराजांना वारस उरला नाही म्हणून त्यांनी 1787 साली मृत्यूपूर्वी थोडे दिवस या मुलाला दत्तक घेतले व त्याचा हात श्वार्ट्झ यांच्या हाती दिला. श्वार्ट्झ हे मूळचे जर्मन. 1750 साली त्रांकेबार येथे उतरले ते पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत. राज्याचा कारभारही त्यांनीच पाहावा अशी राजांची इच्छा होती. ती त्यांनी मानली नाही. राजांचे बंधू अमरसिंग यांच्याकडे कारभार द्यावा असे सुचविले. सल्ला सद्भावनेचा होता, परंतु फळ कडू निघाले. अमरसिंगांनी दत्तकविधान अमान्य ठरवून गादी घेतली व मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवले. उजेड नाही, शिक्षण नाही. वृद्ध श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार रदबदली केली. अखेर 1793 साली मुलाला मद्रासेस नेण्यात आले. तेथे मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली तो इंग्रजी व पाश्चात्त्य शास्त्रे शिकला. जून 1798 मध्ये सरफोजी गादीवर बसले. तो दिवस पाहण्यास गुरू नव्हते; त्याच वर्षी 13 फेब्रुवारीस श्वार्ट्झ प्रभूमध्ये निद्रिस्त झाले होते.

गादी मिळाली, पण राज्य फार दिवस राहिले नाही. 1799 च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. अशा स्थितीत पुष्कळ संस्थानिक शिकारीत व नाचरंगात दिवस घालवीत. सरफोजींनी ग्रंथ जमविले, देवनागरी छापखाना काढला, इसापनीतीचे मराठी भाषांतर 1806 साली छापविले आणि धन्वंतरी महाल उभारला.

या महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करीत. औषध ग्रंथात सांगितले आहे एवढ्याने ते खरे मानायचे नाही, तर रोग्याला देऊन गुण येतो की नाही हे पाहून लिहून ठेवायचे, अशी रीत होती. गुण आलेल्या औषधांचे संग्रह पुढे तामीळ पद्यात रचले गेले. त्यांत नेत्ररोगांवर निराळा भाग आहे.

डोळ्यांच्या रोगांकडे राजांचे विशेष लक्ष असे. त्या काळच्या चाळिसाहून अधिक नेत्ररोग्यांचे कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपले गेले आहेत. रोगी कोण, तक्रार काय, डोळा कसा दिसला, उपाय कोणता केला, पुढे काय झाले, हे त्यांत इंग्रजीत नोंदले आहे. काही कागदांवर त्या त्या रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. यांतले कागद 1827 च्या सुमाराचे आहेत. फोटो काढण्याची कला तेव्हा जगात रूढ झालेली नव्हती. चित्रकाराला रोग्यासमोर बसून बुबुळावरचा प्रत्येक डाग न्याहाळावा लागला असेल.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्या देशात सुश्रुताच्या काळापासून चालत आलेली. सुईने डोळ्यातला गढूळ झालेला भिंग बाजूस ढकलायचा, म्हणजे प्रकाशाची वाट मोकळी होई. रोग्याला लगेच दिसू लागे व वैद्याचा जयजयकार होई. पण पुष्कळदा पुढे डोळा सुजून दृष्टी कायमची जाई, आणि तोवर फिरता वैद्य पुढच्या गावी गेलेला असे. भिंग बाहेर काढण्याची रीत फ्रान्समध्ये दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास सुरू केली. डोळा बधिर करणारे कोकेन मात्र 1884 साली आले. त्यापूर्वीच्या रोग्याने शुद्धीवर राहूनच सारे सोसले. म्हणून तंजावरच्या कागदांतली ‘पुढे काय झाले’ ही नोंद मला चित्रांपेक्षाही मोलाची वाटते. फिरत्या वैद्याला जे कधी कळत नसे ते येथे लिहिले जाई.

राजे 1820 ते 1822 या काळात काशीयात्रेस गेले, तेव्हा शस्त्रक्रियेची हत्यारे बरोबर होती व वाटेत त्यांनी स्वतः मोतीबिंदू काढले, असे सांगतात. राजांच्या गोष्टी सांगता सांगता वाढतात. दवाखान्यात इंग्रज डॉक्टर नेमलेला होता, तेव्हा सारे काम राजांच्याच हातचे असे मुलांना सांगू नये.

सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी 1803 साली भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरविला. त्याच राजांनी श्वार्ट्झ यांच्या मंदिरात लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून बसविले. मृत्युशय्येवर पडलेल्या गुरूंचा हात राजांनी धरला आहे, असे ते शिल्प आहे. त्याखालच्या इंग्रजी ओळी राजांनी स्वतः रचल्या. दरबारच्या ख्रिस्ती नोकरांना रविवारी उपासनेस जाण्याची मोकळीक होती. ज्यांची गीते जगभरच्या मंडळ्यांत गाइली जातात ते बिशप हेबर 1826 च्या ईस्टरला तंजावरास आले. राजांचा शास्त्रांचा व्यासंग पाहून ते थक्क झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 3 एप्रिलला, हेबर त्रिचनापल्लीस वारले.

राजे 7 मार्च 1832 रोजी निवर्तले. पुत्र शिवाजीराजे 1855 साली वारल्यावर कंपनीने उरलेसुरले राज्यही खालसा केले. रोग्यांचे कागद मात्र ग्रंथालयात राहिले, आणि आमच्या काळात मद्रासच्या नेत्रतज्ज्ञांनी ते काढून एकेक तपासले.