लयीचा शिल्पकार बीथोव्हेन

स्वरांवाचून, केवळ आघातांवरून एखादी संगीतरचना ओळखू यावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी नवलाची वाटेल. तथापि ज्याच्या रचना अशा ओळखता येतात, असा एक थोर संगीतकार जर्मनीत होऊन गेला. लुडविग व्हान बीथोव्हेन हे त्याचे नाव.

ऱ्हाईन नदीच्या काठी बॉन नावाचे शहर आहे. तेथे 17 डिसेंबर 1770 रोजी बीथोव्हेनचा बाप्तिस्मा झाला. बाप दरबारी गवई होता. पण तो मद्यासक्त व कठोर असल्यामुळे मुलाचे बालपण सुखात गेले नाही. 1787 मध्ये आई वारली. दोनच वर्षांनी बापाचे अर्धे वेतन आपल्या हाती यावे, असा अर्ज ह्या तरुणाला करावा लागला; कारण धाकट्या भावांच्या पोषणाचा भार त्याच्यावर पडला होता. 1792 मध्ये तो व्हिएन्ना येथे गेला व हायडन ह्या विख्यात संगीतकाराजवळ शिकू लागला. पियानोवादक म्हणून त्याची कीर्ती लवकरच पसरली.

इतक्यात त्याच्यावर घोर संकट कोसळले. तिशीच्या आतच त्याला कमी ऐकू येऊ लागले. 1802 मध्ये त्याने आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. त्यात जीव नकोसा झाल्याची व्यथा होती, आणि केवळ कलेसाठी जगण्याचा निश्चयही होता. ते पत्र त्याने धाडले नाही. मृत्यूनंतर ते त्याच्या कागदपत्रांत सापडले.

त्या काळी वाद्यवृंदात बहुधा दोन नगारे असत. तांब्याच्या भांड्यांवर कातडे ताणून ते ठराविक स्वरांत लावीत, आणि कर्ण्यांच्या जोडीने गर्जना करणे हे त्यांचे मुख्य काम असे. बीथोव्हेनने त्यांना बोलते केले. 1806 मधील त्याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा आरंभ नगाऱ्याच्या पाच मंद आघातांनी होतो. पुढे तेच आघात व्हायोलिने उचलतात, आणि पहिला भागभर ते निरनिराळ्या रूपांनी भेटत राहतात.

त्याच्या पाचव्या सिंफनीचे बीज तर ह्याहूनही लहान आहे. तीन आखूड स्वर व एक लांब. वृत्तशास्त्राच्या भाषेत न गण व त्यापुढे एक गुरू, एवढेच ते! पण बीथोव्हेनने ह्या रचनेची टिपणे 1804 च्या सुमारास आरंभिली, आणि ती पुरी झाली 1808 मध्ये. तिसऱ्या भागाच्या अखेरीस सारी वाद्ये जवळजवळ स्तब्ध होतात व नगारा एकटाच हळूहळू ठोके देत राहतो. मग त्या अंधारातून अंतिम भागाचा तेजस्वी घोष एकदम फुटतो. 22 डिसेंबर 1808 रोजी, कडाक्याच्या थंडीत, सुमारे चार तास चाललेल्या जलशात ही कृती प्रथम वाजली. तालीम अपुरी झाली होती व श्रोते गारठले होते. त्या रात्री तिचे चीज झाले नाही.

1813 मध्ये जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या जलशात सातवी सिंफनी वाजली. तिच्या दुसऱ्या भागात गुरू, लघू, लघू, गुरू, गुरू ही एकच चाल संथपणे पुढे सरकत राहते. तो भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवून घेतला. नवव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात दोन्ही नगारे एकाच स्वरात, पण एका सप्तकाच्या अंतराने लावलेले आहेत, आणि ते मध्येच एकटे गर्जतात. 7 मे 1824 रोजी ही सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा बीथोव्हेन जवळजवळ ठार बहिरा होता. टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकू आला नाही. एका गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळविले, तेव्हा त्याने तो डोळ्यांनी पाहिला.

26 मार्च 1827 रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले होते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, ब्रिटिश नभोवाणीने शत्रूने व्यापलेल्या युरोपातील लोकांना धीर देण्यासाठी ढोलाचे चार ठोके ऐकविण्यास प्रारंभ केला: तीन आखूड व एक लांब. मोर्सच्या तारलिपीत हीच इंग्रजी व्ही ह्या अक्षराची, म्हणजे विजयाच्या आद्याक्षराची, खूण होय. तेथे स्वर नव्हता, वाद्यवृंद नव्हता. तरी ऐकणारांस पाचवी सिंफनी आठवली.

विद्यार्थीमित्रहो, ते चार ठोके कोणासही वाजविता येतील. त्यांतून एवढी इमारत उभारावयास मात्र चार वर्षांचा धीर लागला, आणि तो धीर कान अंतरत चाललेल्या माणसाने धरला.