कोंबड्यांच्या दाण्याने दाखविलेली वाट

ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात आज मका आणि सोयापेंडीच्या जोडीला जीवनसत्त्वेही मोजून घातली जातात. थायामीन कमी पडले, तर पिल्लाची भूक मंदावते, वाढ खुंटते आणि मान मागे वळून ते आकाशाकडे पाहत राहते. हे दुखणे खाद्यातून उद्भवते, हे ताडले ते कुक्कुटपालनाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका डच लष्करी डॉक्टरने. त्यांचे नाव क्रिस्तियान आइकमान.

११ ऑगस्ट १८५८ रोजी नेदरलँड्समधील नायकेर्क येथे एका मुख्याध्यापकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते डच ईस्ट इंडीजमध्ये गेले. पण हिवतापामुळे १८८५ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी जंतुशास्त्र आत्मसात केले आणि १८८६ मध्ये बेरीबेरीचा शोध घेणाऱ्या सरकारी आयोगासोबत ते पुन्हा पूर्वेकडे निघाले. पाय लुळे पाडणारा आणि हृदय थकविणारा हा रोग तेथे सैनिकांचे व कैद्यांचे बळी घेत होता. तो जंतूंमुळेच होतो, असा तेव्हाचा समज होता.

१८८९ च्या जुलैमध्ये त्यांच्या बाताव्हिया (आजचे जकार्ता) येथील प्रयोगशाळेतील कोंबड्या लंगडू लागल्या. जंतू टोचलेल्याही आणि न टोचलेल्याही! नोव्हेंबरअखेर त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती उलगडा झाला. मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील शिजविलेला पांढरा भात मिळत होता. पुढे नवा आचारी आला आणि मुलकी कोंबड्यांना लष्कराचा भात घालण्यास त्याने साफ नकार दिला. एका आचाऱ्याच्या काटेकोरपणाने शास्त्राचे एवढे भले क्वचितच झाले असेल.

मग प्रयोग सुरू झाले. पांढऱ्या तांदळाने कोंबड्या आजारी पडत, कोंड्याने बऱ्या होत. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्डरमान यांच्या पाहणीत जावातील तुरुंगांमध्येही हेच आढळले. जेथे पांढरा तांदूळ, तेथे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. जेथे कोंड्यासह तांदूळ, तेथे सुमारे १० हजारांमागे एकाला.

अर्थ लावताना मात्र आइकमान चुकले. तांदळाच्या पिठूळ भागात विष आणि कोंड्यात त्यावरचा उतारा आहे, असे त्यांना वाटले. कोंड्यात एक आवश्यक अन्नघटकच असतो, हे त्यांचे सहकारी गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये मांडले. तोवर प्रकृती खालावल्याने आइकमान १८९६ मध्येच परतले होते आणि युट्रेक्टला आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. ग्राइन्स यांचे म्हणणे त्यांनीही पुढे मान्य केले.

१९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासह विभागून मिळाले. ग्राइन्स त्यातून वगळले गेले. आजारपणामुळे आइकमान ते स्वीकारायला स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ५ नोव्हेंबर १९३० रोजी युट्रेक्ट येथे त्यांचे निधन झाले.