इटलीचा लोहपुरुष आणि मुरलेली वाइन

ठाण्याहून बाळकुम सोडून कशेळीचा खाडीपूल ओलांडला, की काल्हेर, पूर्णा, अंजूरफाट्यापर्यंत गोडाऊनच गोडाऊन लागतात. मुंबई-ठाण्यात कुणी मोबाइलवर बटण दाबलं, की यातल्याच एखाद्या शेडमधून खोकं निघतं. इथला साधा नियम असा, की आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. माल पडून राहिला की पैसा अडकतो आणि एक्स्पायरी जवळ येते. गोडाऊनला वेळ हा शत्रूच.

पण वेळ हाच कच्चा माल असलेल्याही काही गोष्टी असतात. आजीला भातासाठी जुना तांदूळ लागतो. लोणचं घातल्या दिवशी कुणी वाढत नाही, ते मुरावं लागतं. एखाद्या कसलेल्या राजकारण्यालाही आपण ‘मुरलेला’ म्हणतो. शिळं होणं आणि मुरणं, दोन्हीमध्ये वेळच जातो, पण निकाल अगदी उलटे लागतात.

हा फरक नेमका कुठून येतो, हे शोधण्यात एका माणसानं आयुष्याची तीसहून अधिक वर्षं घालवली. मध्येच तो दोनदा इटलीचा पंतप्रधानही झाला. त्याचं नाव बेत्तिनो रिकासोली. इटलीतल्या जगप्रसिद्ध ‘किआंती’ या रेड वाइनला आजचं रूप मिळालं, त्याची सुरुवात त्याच्याकडे जाते. (हा लेख पिण्याचं आमंत्रण नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दारूचे तोटे सगळ्यांना माहीत आहेत. ही गोष्ट एका हट्टी माणसाची आहे.)

अठराव्या वर्षी कर्ज आणि किल्ला

बेत्तिनोचा जन्म 9 मार्च 1809 चा, फ्लॉरेन्समधला. घराणं जुनं आणि सरदारी. सिएनाजवळच्या टेकड्यांमधला ब्रोलिओचा किल्ला बाराव्या शतकापासून त्यांच्याकडे. ऐकायला एकदम भारी, पण प्रत्यक्षात मालमत्तेवर कर्जाचा डोंगर होता. त्यात अठराव्या वर्षापर्यंत आईवडील दोघंही गेले आणि मागे दोन धाकटे भाऊ उरले. तेव्हाच्या कायद्यानं बेत्तिनो स्वतःच अजून सज्ञान नव्हता. शेवटी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं खास हुकूम काढून त्याला सज्ञान ठरवलं आणि भावांची जबाबदारी त्याच्यावर सोपवली.

ज्या वयात आपण कॉलेजच्या अटेंडन्सची चिंता करतो, त्या वयात हा पोरगा सावकारांचे हिशेब तपासत होता. 1830 मध्ये त्याचं अॅना बोनाकोर्सीशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली. टस्कनीत एक किस्सा सांगतात. फ्लॉरेन्सच्या एका नाचाच्या समारंभात एक तरुण अॅनाशी जरा जास्तच सलगीनं नाचला. बेत्तिनोनं बायकोला तिथूनच बग्गीत बसवलं आणि रातोरात ब्रोलिओला नेलं. किस्सा खरा की तिखटमीठ लावलेला, कोण जाणे. पण एवढं नक्की, की शहर सोडून त्यानं त्या आडबाजूच्या किल्ल्यात संसार मांडला. त्या निर्णयात अॅनाला कुणी काही विचारलं होतं का, याबद्दल किस्सा गप्पच आहे.

माणूस कडक होता. शिस्त, हिशेब आणि धर्मभीरूपणा यांत कुणाला सवलत नाही. पुढे लोकांनी त्याला ‘लोखंडी बॅरन’ असं नाव दिलं, ते काही उगाच नाही.

द्राक्षांचा अभ्यास

तेव्हा टस्कनीतली बरीचशी वाइन वर्षभरात संपवायची, अशीच असायची. मळ्यात हाती येतील ती काळी-पांढरी द्राक्षं एकत्र तुडवायची, आंबवायची आणि पुढचा उन्हाळा तापायच्या आत पिऊन टाकायची. ठेवली तर ती बिघडायची, लांब पाठवली तर वाटेतच आंबट व्हायची. इकडे फ्रान्सची बोर्डो आणि बर्गंडी मात्र जहाजांतून जगभर जात होती आणि वर्षानुवर्षं टिकत होती.

कर्जात बुडालेल्या जमीनदाराला हा फरक पैशांत दिसत होता. त्यानं ब्रोलिओत पद्धतशीर प्रयोग सुरू केले. कुठलं द्राक्ष कुठल्या मातीत लावायचं, ते कधी तोडायचं, साली रसात किती दिवस ठेवायच्या, पिंप कसं स्वच्छ राखायचं, हे सगळं तो तपासत गेला. फ्रान्सला जाऊन त्यानं तिथली पद्धत पाहिली. वाइनच्या एका प्रयोगाचं उत्तर यायलाच काही वर्षं लागतात. चुकलं, तर पुन्हा पुढच्या सुगीची वाट पाहायची.

या प्रयोगांमागचे हात मात्र कुळांचे होते. तिथे ‘मेद्झाद्रिया’ पद्धत होती. म्हणजे आपल्याकडची अर्धेली, जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मं निम्मं. वाइन सुधारण्याचं श्रेय बॅरनला मिळालं, पण वेलींवर वाकणाऱ्या त्या कुटुंबांची नावं बाटलीवर कधी आली नाहीत. इटलीत असे नवे करार करायला कायद्यानं बंदी आली, ती थेट 1964 मध्ये.

मॅझिनी, गॅरिबाल्डी… आणि हा

आपल्याकडे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं घरोघरी पोचली. सावरकरांनी मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं आणि ते 1907 मध्ये छापून आलं. त्या पिढीच्या तरुणांनी ते झपाटून वाचलं. त्या गोष्टीत रिकासोली सहसा दिसत नाही, पण तो होता.

1847 मध्ये त्यानं ‘ला पात्रिया’ हे वृत्तपत्र काढलं. 1848 मध्ये तो फ्लॉरेन्सचा नगरप्रमुख झाला, पण ड्यूकशी पटलं नाही म्हणून पद सोडून परत मळ्यात गेला. 1852 मध्ये अॅना वारली. 1859 मध्ये ड्यूकला टस्कनी सोडून पळावं लागलं, तेव्हा कारभाराची सूत्रं रिकासोलीच्या हातात आली. टस्कनीनं वेगळं राहावं असं बऱ्याच बड्या सत्तांना वाटत होतं. हा हटला नाही. मार्च 1860 मध्ये जनमत घेतलं गेलं आणि टस्कनी एका इटलीत सामील झाली. संस्थानं विलीन करणाऱ्या सरदार पटेलांना आपण लोहपुरुष म्हणतो. लोखंडी बॅरन हे नाव ऐकून तेच आठवतं.

6 जून 1861 रोजी इटलीचा पहिला पंतप्रधान काव्हूर अचानक वारला. त्याच्या जागी रिकासोली आला. त्यानं गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांना नियमित सैन्यात घेतलं आणि मॅझिनीवरचा हद्दपारीचा हुकूम रद्द केला. म्हणजे ज्या मॅझिनीनं आपल्या क्रांतिकारकांना वेड लावलं, त्याच्यासाठी देशाचं दार उघडणारा हा वाइनवाला बॅरन! पण दरबारी कटकारस्थानं त्याला जमली नाहीत, की करायचीच नव्हती. 1862 मध्ये त्यानं राजीनामा दिला. 1866 मध्ये पुन्हा पंतप्रधान झाला, 1867 मध्ये पुन्हा बाहेर पडला. दोन्ही वेळा तो ब्रोलिओलाच परतला.

एका पत्रातली वाइन

1872 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, त्यानं पिसा विद्यापीठाच्या चेझारे स्तुदियाती या प्राध्यापकांना एक पत्र लिहिलं. तोपर्यंतच्या प्रयोगांचं सार त्यात होतं. तीन द्राक्षं, तिघांची कामं वेगळी. सांजोव्हेसे हे मुख्य. सुगंध आणि ताकद त्याच्याकडून येते. कानायोलो त्याचा कडकपणा कमी करून गोडवा आणतं. आणि माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष मिश्रण हलकं करतं, म्हणजे वाइन लगेच प्यायला सोपी होते.

पण खरी गंमत शेवटच्या अटीत होती. वाइन मुरवत ठेवायची असेल, तर माल्वाझिया शक्यतो घालू नये, असं त्याचं म्हणणं होतं. जी गोष्ट आज वाइन सोपी करते, तीच तिला उद्या टिकू देत नाही.

बाटलीच्या आत काय होतं?

हे असं का, ते कळायला सांजोव्हेसेचा स्वभाव बघावा लागतो. हे द्राक्ष उशिरा पिकतं. त्यात आंबटपणा भरपूर असतो आणि सालीतून तुरटपणाही चांगलाच उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर किंवा चहा फार उकळल्यावर जीभ कशी खरखरीत होते? तोच तुरटपणा, त्याला टॅनिन म्हणतात. तरुण सांजोव्हेसे म्हणूनच जरा अंगावर येते. आंबट चेरीचा वास, लालभडक रंग आणि जिभेवर ओरखडा.

आता ती बाटली अंधारात, साधारण 12 ते 15 अंश थंडाव्यात आडवी ठेवायची. आडवी अशासाठी, की बूच ओलं राहावं. ते सुकून आकसलं, तर हवा आत जाऊन सगळं वाया. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जिभेवरचा ओरखडा मखमली होत जातो. रंग लालवरून विटकरी होतो, पेल्याच्या कडेला नारिंगी झाक दिसते. ताज्या चेरीच्या वासाच्या जागी सुकलेली चेरी, तंबाखू, चामडं, वाळलेला पाला, पावसाआधीची माती असे वास येऊ लागतात. हे काही वरून घातलेलं नसतं. त्याच द्राक्षातून हे हळूहळू तयार होतं.

आंबटपणा मात्र फारसा कमी होत नाही. तोच तिला ताजी ठेवतो. लोणच्यातलं मीठ-तेल जे काम करतं, साधारण तेच इथे आंबटपणा आणि टॅनिन करतात. म्हणून जुनी ती सगळीच चांगली, हा गैरसमज आहे. बाजारातल्या बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्याच असतात. ज्यात सुरुवातीला कस नाही, ती कितीही ठेवा, मुरणार नाही. नुसती शिळी होईल.

नियमातच गडबड

रिकासोली 23 ऑक्टोबर 1880 रोजी ब्रोलिओतच वारला. पुढे त्याच्या पाककृतीचं जे झालं, ते कुठल्याही सरकारी कार्यालयात घडेल असंच आहे. 1967 मध्ये किआंतीसाठी अधिकृत नियम आले. त्यात पांढरी द्राक्षं 10 ते 30 टक्के घालणं सक्तीचं झालं! म्हणजे माल्वाझियाचा भाग उचलला आणि टिकाऊ वाइनसाठी ती टाळण्याची अट मागे राहिली. पातळ, स्वस्त किआंती गवतानं विणलेल्या गोल बाटल्यांतून जगभर गेली आणि नाव खराब झालं.

1970 च्या दशकात टस्कनीतल्याच काही उत्पादकांनी पांढरी द्राक्षं वगळून वाइन केली. नियम मोडल्यामुळे ती उत्तम वाइन त्यांना साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकावी लागली. गिऱ्हाइकांनी मात्र ती उचलून धरली. शेवटी नियमच झुकले. 1996 पासून किआंती क्लासिको फक्त सांजोव्हेसेची करता येते आणि 2006 च्या सुगीपासून तिच्यात पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आहे. बाटलीवर काळा कोंबडा दिसला तर ती किआंती क्लासिको. ‘रिझेर्व्हा’ लिहिलं असेल तर किमान 24 महिने मुरवलेली, ‘ग्रान सेलेत्सिओने’ असेल तर किमान 30 महिने. त्या पत्रातली शेवटची अट कायद्यात उतरायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

अकलूजची सांजोव्हेसे

आता हे द्राक्ष आपल्याकडेही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात ‘फ्रातेल्ली’ कंपनीचे मळे आहेत. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेक्री आणि इटलीतले सेच्ची अशा भावांच्या तीन जोड्यांनी ती उभी केली. टस्कनीतून आलेले वाइन-तज्ज्ञ पिएरो मासी त्यांच्यासोबत होते. त्यांची ‘सेत्ते’, म्हणजे ‘सात’, ही वाइन सांजोव्हेसे आणि कॅबरने सोव्हिन्यो या द्राक्षांची.

टस्कनीत वेल थंडीत झोपते आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा छाटणी करायची आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी. द्राक्षाची जात तीच, पण ऊन, पाणी, वेळापत्रक सगळं वेगळं. ब्रोलिओत काय चाललं ते इथे जसंच्या तसं चालेल, असं नाही. कुठला उतार, कुठली माती, तोडणी कधी, हे सगळं इथल्या लोकांना इथेच करून बघावं लागणार. बॅरनला त्याला तीसहून अधिक वर्षं लागली होती, आणि मध्ये त्याच्याकडे एक देशही होता.

अकलूजच्या या वेली आज साधारण आपल्याच वयाच्या आहेत, विशीच्या आसपास. लगेच खपेल असं हलकं काही करायचं, की आज जरा तुरट लागेल पण टिकेल असं, हा प्रश्न त्यांच्या मालकांपुढे दर सुगीला येतो. तो फक्त त्यांच्यापुढेच येतो असं मात्र नाही.