वाळवंटातील खराटा

आज आषाढ शुद्ध एकादशी. पंढरीत आज वैष्णवांचा मेळा दाटला आहे. गेल्या शतकात याच मेळ्यात एक पुरुष देवळाकडे न वळता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असे. त्या श्रीसंत गाडगेबाबांचे स्मरण आजच्या पुण्यदिनी करावे, असे आम्हांस वाटते.

अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुळात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. दुसऱ्यांच्या वस्त्रांचा मळ काढणे हा या कुळाचा पिढीजात व्यवसाय; पुढे या पुत्राने गावोगावचा मळ काढला! वडील मद्यपानापायी अकाली गेले. मामाच्या घरी दापुरे येथे गुरे राखण्यात व शेतीत बाळपण सरले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, सोबत मातीचे गाडगे आणि हाती खराटा, एवढाच त्यांचा संसार उरला.

पूर्णाकाठी ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरते. चिखलातून काठ चढताना यात्रेकरूंचे हाल होत. तेथे १९०८ साली बाबांनी घाट उभा केला.

गावात शिरताच बाबा कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागत. वेड्यासारखा दिसणारा हा परका माणूस आपल्या दारची घाण उपसतो आहे, हे पाहून लोक ओशाळत. मग कोणी फावडे आणी, कोणी टोपली. सायंकाळपर्यंत गाव लख्ख होई आणि रात्री त्याच स्वच्छ जागी कीर्तन रंगे. हातात खराटा घेतलेल्यांनाच ते अधिक उमगत असावे, अशी आमची समजूत आहे. पाया पडू पाहणाऱ्यास मात्र बाबा जवळ फिरकू देत नसत.

पंढरीचा प्रश्न निव्वळ झाडण्याने सुटणारा नव्हता. लक्षावधी माणसे नदीकाठी उतरत. निवारा नाही, शौचकूप नाहीत. वाळवंटातील मैला पावसाच्या लोंढ्याबरोबर नदीत जाई आणि तेच तीर्थ भाविक प्राशन करीत. यात्रांच्या मागोमाग पटकी येई, ती याच वाटेने. म्हणून बाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. ज्यांना त्या काळी कोणी ओसरीवरही टेकू देत नसे, त्या अस्पृश्य बांधवांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

२००० साली शासनाने बाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान आरंभिले. बक्षिसाच्या निमित्ताने का होईना, कैक गावे उजळली. २०१६ साली ‘नमामि चंद्रभागा’ योजना घोषित झाली. योजना शासनाची खरी. परंतु नदीत निर्माल्य, पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडणारे हात आम्हा भाविकांचेच आहेत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीस आहे.