सही दुसऱ्याची, विद्यार्थी तिचे

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी ओळखीतली एक मुलगी बसली होती. मुलगी म्हणायचं आपलं, तिची स्वतःची लेक आता चौथीत आहे. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पीएच.डी. करते. मी सहज विचारलं, कुठवर आलं गं तुझं? तर जिलबी पानात तशीच ठेवून ती गाइडबद्दलच बोलायला लागली. प्रकरण लिहून दिलंय, तीन महिने झाले, वाचलेलंच नाही. दर खेपेला एसटीनं जायचं, दाराबाहेर ताटकळायचं आणि सहीशिवाय परत यायचं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, मावशी, चांगला गाइड असतो तरी कसा, हेच मला आता कळेनासं झालंय.

घरी येताना बसमध्ये मला एमी नोएथर आठवत राहिली. जर्मनीतली मोठी गणितज्ञ. तिचं गणित मला कळतं असा माझा मुळीच दावा नाही. पण तिनं विद्यार्थी कसे सांभाळले, ते वाचताना मात्र कुठंही अडायला होत नाही. म्हणून आज तिचीच गोष्ट.

एमीचा जन्म २३ मार्च १८८२चा, एरलांगेन नावाच्या गावातला. घर ज्यू. वडील माक्स नोएथर तिथल्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. चार भावंडांत ही थोरली, आणि मुलगी एकटीच. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिनं १९०० साली मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्याची परीक्षा दिली. पास झाली. आता नोकरी धरायची, एवढंच बाकी होतं. पण बाईंच्या मनात गणित!

विद्यापीठात तेव्हा मुलींना रीतसर प्रवेश नव्हता. वर्गात नुसतं बसून ऐकायचं, आणि त्यासाठीसुद्धा एकेका प्राध्यापकाकडे जाऊन परवानगी मागायची. जवळजवळ हजार विद्यार्थ्यांत अशा ऐकणाऱ्या मुली दोनच होत्या. पुढे नियम बदलला, १९०४ साली एमीला प्रवेश मिळाला, आणि १९०७ मध्ये ती डॉक्टरेट झाली.

तिचे गाइड पाउल गोर्डान हे तिच्या वडिलांचे सहकारी. आकडेमोड आणि सूत्रं यांत हयात घालवलेले गृहस्थ. एमीचा प्रबंधही त्यांच्याच वळणाचा झाला. शेवटी तीनशेहून अधिक सूत्रांची भली मोठी यादी! परीक्षकांनी वाखाणला, पण एमीला स्वतःला पुढे त्या कामाचं काहीच कौतुक राहिलं नाही. उलट त्याचा विषय निघाला की ती त्याला नावं ठेवायची. गाइडची वाट ती मन लावून चालली आणि मग तिनं ती वाट सोडली. सूत्रांच्या ढिगाऱ्यापेक्षा त्यांच्यामागची कल्पना शोधायची, हा तिचा रस्ता ठरला.

पदवी मिळाली, पण नोकरी? १९०८ ते १९१५ अशी सात वर्षं तिनं एरलांगेनला शिकवलं. पगार शून्य. वडिलांची तब्येत बरी नसली की त्यांचे तास तीच घ्यायची. याच काळात दोन विद्यार्थ्यांना तिनं प्रबंधासाठी मार्गदर्शन केलं. विषय सुचवणं, चुका काढणं, वाट दाखवणं, सगळं तिचं. कागदावर मार्गदर्शक म्हणून नाव मात्र पुरुष प्राध्यापकाचं. तिला तो अधिकारच नव्हता.

१९१५ साली डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन या दोघा दिग्गजांनी तिला गॉटिंगेनला बोलावून घेतलं. जगभरातले गणिती तेव्हा तिथं यायचे. पण एमीला शिकवण्याचा अधिकार द्यायची वेळ आली, तशी इतर विषयांची प्राध्यापक मंडळी बिथरली. लढाईवरून परत आलेल्या सैनिकांनी एका बाईच्या पायाशी बसून शिकायचं का, असा त्यांचा सवाल. हिल्बर्ट चिडले. हे विद्यापीठ आहे, पुरुषांची न्हाणीघरं नव्हेत, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी सुनावलं म्हणतात. उपयोग झाला नाही. मग हिल्बर्टनीच तोड काढली. व्याख्यान जाहीर व्हायचं हिल्बर्टच्या नावानं, खाली डॉ. नोएथर यांच्या मदतीनं अशी ओळ, आणि शिकवायची एमी!

आणि याच दिवसांत, १९१८ साली, तिनं तो सिद्धांत मांडला, ज्याला आज सगळं पदार्थविज्ञान नोएथरचा सिद्धांत म्हणून ओळखतं. आपल्या भाषेत सांगायचं तर निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत आणि उद्याही राहणार असतील, तर त्यातूनच ऊर्जा नष्ट होत नाही हे निघतं. असल्या बाईला १९१९ मध्ये स्वतःच्या नावानं शिकवण्याची मुभा मिळाली, १९२२ मध्ये बिनपगारी प्राध्यापकी, आणि १९२३ मध्ये पहिल्यांदा थोडासा मोबदला. वय एक्केचाळीस!

आता येऊ या तिच्या विद्यार्थ्यांकडे. गॉटिंगेनमध्ये डझनाहून अधिक जणांनी तिच्या हाताखाली प्रबंध केले. एकटीच्या अधिकारात प्रबंध काढून घेणं इथंही तिला शक्य नव्हतं. बहुतेकदा लांडाऊ किंवा आणखी कुणी प्राध्यापक सोबतीला लागायचे. पण गावात या पोरांना सगळे ओळखायचे ते नोएथरची पोरं म्हणूनच.

ती वर्गात चांगली शिकवायची का? खरं सांगायचं तर नाही. भरभर बोलायची, टिपणं काढून आणायची नाही, फळ्यावर लिहायची आणि पुसायची. नवखा माणूस भांबावून जायचा. पण जे टिकले त्यांना कळायचं की बाई आपल्याला तयार पोळी वाढत नाहीत, कणीक आपल्यासमोर मळतायत. डोक्यात चाललेला विचार ती मुलांसमोर उघडा करायची. त्यांनी मध्येच अडवावं, वाद घालावा, अशीच तिची अपेक्षा असायची. त्या वादाच्या भरात अंबाड्यातले केस सुटून मोकळे व्हायचे. एकदा दोन विद्यार्थिनी मधल्या सुटीत तिला हे सांगायला गेल्या. पण बाई गणितावर अशा तावातावानं बोलत होत्या की या दोघींना तोंड उघडायला फटच मिळाली नाही!

सुटीचा दिवस होता आणि इमारतीला कुलूप, तर तिनं मुलांना पायऱ्यांवर गोळा केलं, रानातून फिरवत नेलं आणि एका कॉफीच्या दुकानात बसून तास घेतला. मुलं तिच्या घरी यायची, तिच्या हातचं पुडिंग खायची. लांबलांब चालायला जायची, आणि चालताना बोलणं गणिताचंच. दाराबाहेर ताटकळत बसायचा प्रश्नच नव्हता.

तिची पहिली गॉटिंगेनची डॉक्टरेट म्हणजे एक मुलगी, ग्रेटे हेरमान. फेब्रुवारी १९२५ मध्ये तिनं प्रबंधाची परीक्षा दिली. काम इतकं पक्कं की पुढे संगणकाच्या जमान्यात लोक त्याकडे परत वळले. आणि एवढं झाल्यावर ग्रेटे गेली कुठं? तत्त्वज्ञानाकडे! बाईंनी थोडी कुरकूर केली म्हणतात. केलीच असणार, इतकी वर्षं खपून मुलगी तयार केलेली. पण अडवलं नाही. याच ग्रेटेनं १९३५ साली फॉन नॉयमन या मोठ्या गणितज्ञाच्या एका गाजलेल्या सिद्धतेतली फट दाखवून दिली. आपल्याच विषयात विद्यार्थ्याला बांधून न ठेवणं, हेसुद्धा गाइडचं कामच की.

आणखी एक गोष्ट. व्हान डर वेर्डेन नावाचा तरुण डच गणितज्ञ १९२४ मध्ये तिच्याकडे शिकायला आला. त्याला एक नवी कल्पना सुचली, त्यानं लेख लिहून बाईंना दाखवला. तिनं कौतुक केलं आणि छापायला पाठवून दिला. पुढे त्याला दुसऱ्याकडून कळलं की हीच कल्पना तो येण्याआधीच बाईंनी एका वर्गात मांडली होती. त्याला मात्र अवाक्षरानं बोलली नव्हती! याच माणसानं १९३०-३१ मध्ये आधुनिक बीजगणिताचं दोन खंडांचं पुस्तक लिहिलं, एमीच्या आणि आर्टिन यांच्या व्याख्यानांवर आधारलेलं. त्यानं तसं प्रामाणिकपणे नमूदही केलं. जगभरच्या पोरांनी ते बीजगणित या पुस्तकातून शिकलं.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. असल्या गोष्टी वाचून आपण लगेच गहिवरतो. काय हा त्याग, काय हे बाईचं मन! पण मैत्रिणींनो, देणं तिचं होतं हे खरं, तरी न देणं विद्यापीठाचं होतं. कल्पना वाटायच्या की नाही, हे तिनं स्वतः ठरवलं. पगार नको, अधिकार नको, हे तिनं कधीच म्हटलं नव्हतं. आपल्या घरात, शाळेत, अंगणवाडीत राबणाऱ्या बाईला हिला कशाचीच हाव नाही असं प्रशस्तिपत्र देऊन आपण तिचा हक्काचा पैसा मारतो ना, तसलाच हा प्रकार. १९३२ मध्ये झुरिकच्या जागतिक गणित परिषदेत सगळ्यांसमोर मुख्य व्याख्यान देणारी ती पहिली स्त्री ठरली. गॉटिंगेननं तिला पूर्ण प्राध्यापक मात्र शेवटपर्यंत केलं नाही.

आणि मग आलं १९३३. हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यू शिक्षकांना काढण्याचा कायदा झाला आणि एमीची तुटपुंजी नोकरी गेली. हासे नावाच्या गणितज्ञानं तिच्यासाठी मोठमोठ्या लोकांची पत्रं गोळा केली. काही झालं नाही. एमीनं काय केलं? विद्यापीठाचं दार बंद झालं तर स्वतःच्या घराचं उघडलं. पोरं तिच्या खोलीत जमू लागली, तास चालू राहिले. त्यांतला एर्न्स्ट विट नावाचा हुशार मुलगा एके दिवशी चक्क नाझी संघटनेचा गणवेश घालून आला. ज्यांनी तिची नोकरी काढून घेतली, त्यांचा गणवेश! तिनं त्यालाही बसवून घेतलं आणि गणित पुढे चालू केलं. त्याच वर्षी त्याची डॉक्टरेट झाली, नाव अर्थातच दुसऱ्या प्राध्यापकांचं लागलं.

हे तिनं केलं ते बरोबर का? मी याचा बराच विचार केला. माझ्या घरात मी त्याला उंबरा ओलांडू दिला नसता, असंच मला वाटतं. पण तिनं अर्धवट प्रबंध असलेला विद्यार्थी पाहिला, गणवेश पाहिला नाही. तिचा मोठेपणा म्हणा नाहीतर भाबडेपणा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

त्याच शरद ऋतूत ती अमेरिकेला गेली, ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांची सोय दुसऱ्यांकडे लागली. ओटो शिलिंग मारबुर्गला हासेंकडे गेला, चीनहून आलेला त्सेनही १९३४ मध्ये डॉक्टर झाला. ब्रिन मॉरला अ‍ॅना पेल व्हीलर या विभागप्रमुख होत्या. पहिल्यांदाच एमीची वरिष्ठ एक स्त्री होती आणि भोवती बसलेल्या सगळ्या मुली. पोरांची बाई आता पोरींची झाली. इंग्रजी आणि जर्मनची खिचडी करून शिकवायची, पायी फिरवायची. बोलण्याच्या नादात रस्त्यावरच्या गाड्यांचं भान नसायचं, मुलींनाच तिला सांभाळावं लागायचं. आठवड्यातून एकदा प्रिन्स्टनला व्याख्यानाला जायची, कधी बरोबर ओल्गा टाउस्की ही तरुण गणितज्ञ असायची.

दीड वर्ष, फक्त दीड वर्ष हे सुख लाभलं. एप्रिल १९३५ मध्ये पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांतच, १४ एप्रिलला, ती गेली. वय त्रेपन्न. तिची रक्षा ब्रिन मॉरच्या ग्रंथालयाच्या ओवरीत पुरलेली आहे, मुलींची ये-जा असते तिथंच.

तेव्हा तिची शेवटची विद्यार्थिनी रूथ स्टॉफर हिचा प्रबंध पूर्ण होत आला होता. गाइड गेल्यावर विद्यार्थ्याचं काय होतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. पण काम बाईंनी इतकं पुढे आणून ठेवलं होतं की ते अडलं नाही. रिचर्ड ब्राऊअर या गणितज्ञांनी तिची परीक्षा घेतली आणि १९३५ मध्येच रूथ डॉक्टर झाली. एरलांगेनच्या पहिल्या प्रबंधावर एमीची सही नव्हती कारण अधिकार नव्हता, आणि या शेवटच्या परीक्षेला ती नव्हती कारण ती जगातच उरली नव्हती. मधल्या सगळ्या वर्षांत काम मात्र तिनंच केलं.

घरी आल्यावर मी त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, चांगला गाइड कसा असतो विचारत होतीस ना, सांगते ऐक. तो तुझं लिहिलेलं वाचतो. तुला वाद घालू देतो. आपली कल्पना तुला देतो, तुझी घेत नाही. आणि तुझा रस्ता वेगळा निघाला तर कुरकूर करून का होईना, सोडतो.

ती हसली. म्हणाली, मावशी, असा गाइड मी कुठून आणू?

मी म्हटलं, नसेल मिळत तर विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज दे, गप्प बसू नकोस. आणि एक लक्षात ठेव. उद्या तू डॉक्टर होशील, परवा तुझ्या दाराशी कुणी प्रकरण घेऊन येईल. तेव्हा त्या पोरीला बाहेर बसवू नकोस.